आयर्न रिमूव्हर की अ‍ॅसिडचा व्हील क्लीनर?

दोन्ही बाटल्यांवर चकचकीत चाकाचं चित्र असतं आणि दोन्ही ‘ब्रेक डस्ट घालवते’ असंच सांगतात. पण एक आयर्न रिमूव्हर असतो आणि दुसरा अ‍ॅसिडचा व्हील क्लीनर. अदलाबदल झाली तर कधी काहीच बिघडत नाही, कधी अलॉयवर पांढुरके डाग पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत.

ब्रेक डस्ट ही नुसती धूळ नव्हे. ब्रेक पॅडचा चुरा आणि बिडाच्या डिस्कमधून झिजलेले लोखंडाचे कण त्यात असतात. ब्रेक लावताना भार पुढे येतो, म्हणून पुढची चाकं आधी काळी पडतात. कण गरम असतानाच उडतात, चाकावरच्या लॅकरला, म्हणजे पारदर्शक संरक्षक थराला, चिकटतात आणि ओल लागली की तिथेच गंजतात. शाम्पूने धुऊनही बोटाला बारीक रेतीसारखं लागतं, ते हेच.

आयर्न रिमूव्हर फक्त या लोखंडाच्या मागे लागतो. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी जुळून पाण्यात विरघळणारं जांभळट लाल संयुग तयार करतं. वास मात्र उग्र. केस काढायच्या क्रीममध्येही याच कुळातलं रसायन असतं, म्हणून नाकाला तो ओळखीचा वाटतो. यातल्या बहुतेकांचा पीएच सातच्या आसपास, म्हणजे ना अ‍ॅसिड ना अल्कली असा, असल्याने धड असलेल्या लॅकरला ते सहसा धक्का लावत नाहीत.

फसगत होते ती त्या रंगाने. लोक जांभळं दिसेनासं होईपर्यंत फवारत बसतात. पण स्पोकच्या फटीतून फवारा मागच्या डिस्कवर गेला, तर तीही बिडाचीच. तिथून जांभळे ओघळ येतच राहणार! उलट डांबराचे ठिपके किंवा ग्रीस असेल तर रंग अजिबात बदलत नाही, कारण तिथे लोखंडच नाही. म्हणून आधी शाम्पूने वरचा थर काढावा, मगच ही बाटली उघडावी.

अ‍ॅसिडला अशी निवड जमत नाही. ते गंज, पाण्यातल्या क्षारांचे डाग आणि वेळ पडल्यास खालचं अ‍ॅल्युमिनियमही खातं. लॅकरला कुठे टवका उडाला असेल तर तिथूनच आत शिरतं. लॅकर नसलेल्या पॉलिश केलेल्या चाकावर तर मी ते लावणारच नाही. लेबलवर हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लुओराइड दिसलं तर बाटली तिथेच ठेवून द्यावी. ते कातडीतून आत उतरतं आणि सौम्य द्रावणाने भाजलं तर दुखायला कित्येक तास लागू शकतात. माझ्या मते घरी धुणाऱ्याला अ‍ॅसिडची गरज क्वचितच पडते.

बाटली कुठलीही असो, चाक हाताला थंड लागलं पाहिजे आणि गाडी सावलीत हवी. एका वेळी एकच चाक घ्यावं, हातमोजे घालावेत आणि द्रावण वाळायच्या आत नटांच्या खोबणींसकट भरपूर पाण्याने धुवावं.

चाक कोरडं झाल्यावर सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग असा संरक्षक लेप लावला तर नंतर बसणारी पूड बरीचशी शाम्पूनेच निघते. त्याचा थेंबही डिस्कवर जाऊ देऊ नका. ओल्या डिस्कवर ब्रेक सुरुवातीला कमी पकडतो, म्हणून निघताना मोकळ्या जागी हळू चालवत दोनचारदा ब्रेक दाबून ती कोरडी करून घ्या.