पॉवर बटण गेलं म्हणजे मदरबोर्ड गेला?
जुना डेस्कटॉप घेताना हमखास ऐकू येतं, ‘बटण चालत नाही ना? मग मदरबोर्डच गेलाय.’ नेहमी तसं नसतं. मदरबोर्ड म्हणजे आतली मुख्य सर्किट पाटी. १९९५ साली आलेल्या एटीएक्स रचनेत (डेस्कटॉपचा मदरबोर्ड, कॅबिनेट आणि वीजपुरवठा यांची ठरलेली मांडणी) हे बटण मुख्य वीज जोडत-तोडत नाही. दाबलं की मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जुळतात, दारावरच्या बेलसारख्या. त्याआधीच्या ‘एटी’ रचनेच्या मशीनमध्ये मात्र बटणातून थेट वीज जायची.

घेण्याआधी कॅबिनेट उघडायला लावा. बटणाच्या दोन वायरींची क्लिप काढून त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. शेजारच्या पिनांना नको. मशीन नीट सुरू झालं तर दोष बटणात किंवा वायरीत. रिसेट बटणाची क्लिप तिथे लावली तरी भागतं, दिसायला जुगाड असला तरी. काहीच हललं नाही, तर पॉवर सप्लाय किंवा बोर्डावर संशय घ्या आणि भाव त्या हिशेबाने पाडा.