जुन्या पशुघंटेचे जलरंगचित्र : पार्श्वभूमी

अमेरिकेतील जुन्या पशुघंटांची जी जलरंगचित्रे आज इंटरनेटवर सहज सापडतात, त्यांतील बरीचशी महामंदीच्या काळात बेकार चित्रकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून आली आहेत. घंटा त्याहून पुष्कळ जुन्या. कुंपण नसलेल्या रानात चरणारी गुरे सापडावीत म्हणून लोखंडी पत्रा दुमडून, रिबिटा ठोकून त्या घडवल्या जात, आणि कनेक्टिकटमधील ईस्ट हॅम्प्टन येथे १८०८ पासून घंटा बनवणे हा कारखानदारीचा धंदा झाला.

याच योजनेतील, १९३५ मध्ये आखलेल्या आणि १९४२ पर्यंत चाललेल्या ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ या उपक्रमात गोधड्या, खेळणी, वाऱ्याची दिशा दाखवणारे वातकुक्कुट, घंटा अशा रोजच्या वापरातील वस्तूंची सुमारे १८,००० चित्रे तयार झाली. त्यात वादाचा ठरला तो कॅमेऱ्याऐवजी कुंचला वापरण्याचा निर्णय. छायाचित्र झटपट निघते, हाताने काढताना चूक होऊ शकते, शिवाय चित्रकाराला स्वतःची शैली बाजूला ठेवावी लागते, हे आक्षेप खरेच होते. रोजगार देणे हा हेतू तर उघड होता. परंतु निर्णयाचे कारण तेवढेच होते असे मानणे अन्यायाचे आहे. रंगीत फिल्म तेव्हा नुकतीच बाजारात येत होती, ती महाग होती आणि तिच्या रंगांचा भरवसा नव्हता. उलट, इजिप्तमधील उत्खननांच्या नोंदींसाठी रुळलेल्या पद्धतीने फिकट पेन्सिलरेषेवर पारदर्शक रंगांचे थर चढवत गेले, की हातोडीचे ठोके, गंजाचे पापुद्रे आणि चामडी पट्ट्याच्या भेगा एकाच चित्रात सारख्याच स्पष्ट दिसत. कोणत्याही एका क्षणाच्या उजेडात त्या तशा दिसत नाहीत, आणि या चित्रांचे खरे मोल मला तिथेच वाटते.

१९४३ मध्ये हा संग्रह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात गेला. रंगीत संच छापून ते देशभर पोहोचवण्याची मूळ कल्पना मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आली नाही, त्यामुळे कित्येक दशके अभ्यासकांनाच वॉशिंग्टन गाठावे लागे. गेल्या दशकात चित्रांच्या प्रतिमा विनामूल्य खुल्या झाल्या, आणि त्याबरोबर एक नुकसानही झाले. प्रत्येक चित्रासोबत वस्तूची माहिती देणारे नोंदपत्र असे. ते मागे सोडून चित्र एकटेच फिरू लागले. परिणामी गाईच्या गळ्यातील पत्र्याची घंटा आणि कोनेस्टोगा या मोठ्या मालवाहू घोडागाडीच्या घोड्यांवर कमानीत बसवलेली घंटा, दोन्ही ‘जुनी घंटा’ याच एका नावाखाली विकल्या जातात.