‘इफ’ म्हणजे ‘जर’. मग ‘इन केस’ म्हणजे काय?

आभाळ भरून आलंय, पण अजून थेंब नाही. ऑफिसला निघताना एकजण म्हणतो, ‘आय विल टेक ॲन अंब्रेला इफ इट रेन्स.’ दुसरा म्हणतो, ‘आय विल टेक ॲन अंब्रेला इन केस इट रेन्स.’ आपल्याला शाळेत दोन्हींचा अर्थ ‘पाऊस पडला तर’ असाच पाठ करून घेतलेला. पण दुपारी सर आली की पहिल्याची छत्री घरी खुंटीला असते आणि दुसऱ्याची हातात.

‘इफ’ ही अट आहे. पाऊस आधी, छत्री नंतर; पाऊस नाही तर छत्रीही नाही. ‘इन केस’मध्ये छत्रीला अटच नाही. ती घेतलेलीच आहे, पाऊस हे फक्त घेण्याचं कारण.

‘जर-तर’च्या साच्यात ‘इन केस’ बसत नाही. त्याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: ‘न जाणो’. आजी रात्री दोन भाकऱ्या जास्त थापायची, ‘न जाणो, कुणी आलंच तर!’ हे शंभर टक्के ‘इन केस’. कुणी नाही आलं तरी भाकऱ्या झालेल्याच, सकाळी कुस्करा ठरलेला. ‘कुणी आलं तर पिठलं टाकते’ हे मात्र ‘इफ’. पाहुणा नाही, तर पिठलंही नाही.

क्रियापदाची गंमत वेगळीच. पाऊस यायचाय, तरी मराठी म्हणते ‘आला तर’, म्हणजे रूप भूतकाळाचं. इंग्रजी तिथे साधा वर्तमानकाळ वापरते: ‘रेन्स’. ‘इफ इट विल रेन’ किंवा ‘इन केस इट विल रेन’ इथे चालत नाही.

आता खरी गोची. ‘ऑफ’ जोडला की अर्थ पालटू शकतो. ‘इन केस ऑफ फायर, ब्रेक ग्लास’ म्हणजे आग लागली तरच काच फोडा. तिथे ‘न जाणो’ लावलं, तर इमारतीत एक काच शिल्लक राहायची नाही!

ऑफिसच्या मेलमध्ये ‘इन केस यू हॅव एनी क्वेरी, प्लीज कॉल मी’ सर्रास लिहितात. अर्थ पोचतो, आणि अमेरिकी इंग्रजीतही ‘इन केस’ कधी कधी ‘इफ’सारखं वापरतात. तरी मी तिथे ‘इफ’च लिहीन. शंका आली तरच फोन करायचाय, आधीच करून ठेवायचा नाही.

हा ‘केस’ कोर्टातलाच. त्याचं मूळ लॅटिन ‘कासुस’, आणि ते आलं ‘पडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून. आपणही ‘वेळ पडली तर’ म्हणतोच की.

एक फरक कानालाच कळतो. छत्री कशाला, असं कुणी विचारलं तर नुसतं ‘जस्ट इन केस’ म्हणून सुटता येतं; ‘जस्ट इफ’ म्हणून नाही. मराठीत त्याचं उत्तर आहे, ‘असू दे आपली बरोबर.’