चित्रकारनिहाय कॉमिक्स संग्रह

सुपरहिरोंच्या कॉमिक्सचा संग्रह बहुधा पात्रानुसार किंवा मालिकेनुसार केला जातो. याउलट एखाद्या आवडत्या चित्रकाराने काढलेले अंक, मग ते कोणत्याही पात्राचे, मालिकेचे वा प्रकाशनसंस्थेचे असोत, शोधून जमवणे याला चित्रकारनिहाय संग्रह म्हणता येईल. अशा संग्राहकाच्या कपाटात मालिकांचे अंक सलग लागलेले दिसत नाहीत. चित्रकाराने मालिका सोडली की संग्राहकही ती तिथेच सोडतो आणि त्याच्या मागोमाग नव्या मालिकेकडे वळतो. १९७० मध्ये चित्रकार जॅक कर्बी मार्व्हल ही प्रकाशनसंस्था सोडून डीसी या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेकडे गेले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनाही ‘फॅन्टास्टिक फोर’ सोडून ‘न्यू गॉड्स’ आणि ‘मिस्टर मिरॅकल’ घेणे भाग पडले.

अशा संग्रहासाठी चित्रकार कोण हे आधी कळावे लागते आणि अमेरिकी कॉमिक्सच्या सुरुवातीच्या काळात नेमकी तीच माहिती छापली जात नसे. बॅटमॅनच्या कथांवर अनेक वर्षे केवळ बॉब केन यांचे नाव असे. प्रत्यक्षात डिक स्प्रँग, जेरी रॉबिन्सन आदी चित्रकार त्या काढत होते. जाणकार वाचकांनी अशा अनाम चित्रकारांना निव्वळ रेषेवरून, म्हणजे चेहऱ्याची ठेवण, हातांची बोटे, इमारतींचे कोन यांवरून ओळखायला सुरुवात केली. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात मार्व्हलने लेखक, चित्रकार, शाईकार (पेन्सिलीच्या रेखाटनावर शाई फिरवणारा) आणि अक्षरलेखक (संवादांची अक्षरे लिहिणारा) यांची नावे कथेच्या पहिल्या पानावर नियमितपणे छापायला घेतली, तेव्हापासून हे काम पुष्कळ सोपे झाले. त्यापूर्वीच्या अंकांसाठी आजही ‘ग्रँड कॉमिक्स डेटाबेस’सारख्या, स्वयंसेवकांनी १९९४ पासून उभारलेल्या सूचींचा आधार घ्यावा लागतो.

नाव छापले तरी चित्र पूर्णतः एकाच्या हातचे ठरत नाही. सुपरहिरो कॉमिक्समध्ये एक जण पेन्सिलीने पान रचतो, दुसरा त्यावर शाई फिरवतो आणि रंग तिसराच ठरवतो. शाईकार बदलला की त्याच पेन्सिलीचा चेहरामोहरा बदलतो. ‘फॅन्टास्टिक फोर’चे ४३ आणि ४४ हे लागोपाठचे अंक शेजारी ठेवले, तर दोन्हींतली रेखाटने कर्बी यांचीच असूनही फरक लगेच डोळ्यांत भरतो. ४३ व्या अंकात व्हिन्स कोलेटा यांची बारीक, केसासारखी, काहीशी खरखरीत रेषा आहे. ४४ व्या अंकापासून जो सिनॉट यांची जाड, गोलाईदार, धातूला चकाकी आणणारी रेषा सुरू होते. वेळ वाचवण्यासाठी कोलेटा पार्श्वभूमीतील माणसे आणि तपशील खोडून टाकत, अशी कर्बीप्रेमींची जुनी तक्रार आहे आणि पेन्सिल रेखाटनांच्या उपलब्ध छायाप्रती पाहता ती निराधार म्हणता येत नाही. याहून विलक्षण प्रकार डीसीच्या ‘जिमी ओल्सन’ मालिकेत घडला. कर्बी यांनी काढलेला सुपरमॅनचा चेहरा कंपनीच्या ठरलेल्या चेहऱ्याशी जुळत नाही म्हणून तो अल प्लास्टिनो, मर्फी अँडरसन यांच्याकडून पुन्हा काढून घेतला गेला. त्यामुळे धड एकाचे आणि चेहरा दुसऱ्याचा अशी पाने छापली गेली. ती संग्रहात घ्यायची की नाही हा वाद हौशी मंडळींत चालतो, मात्र प्रत्यक्षात ती वगळणारा संग्राहक विरळाच.

मुखपृष्ठ आणि आतील पाने यांचे चित्रकार पुष्कळदा वेगळे असतात, आणि केवळ मुखपृष्ठ पाहून अंक घेणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. स्टीव्ह डिटको यांच्या कामाची यादी हे याचे उत्तम उदाहरण. स्पायडरमॅनची पहिली कथा ज्यात आली त्या ‘अमेझिंग फॅन्टसी’च्या १५ व्या अंकात (ऑगस्ट १९६२) आतील चित्रे डिटको यांची आहेत, मुखपृष्ठाचे रेखाटन मात्र कर्बी यांचे असून त्यावर शाई डिटको यांनी दिली आहे. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चे पहिले ३८ अंक डिटको यांचे म्हणून एकगठ्ठा मोजले जातात, तरी आठव्या अंकातील एक छोटी कथा कर्बी यांनी रेखाटलेली आहे. उलट ‘स्ट्रेंज टेल्स’च्या ११० व्या अंकाच्या मुखपृष्ठावर ह्यूमन टॉर्च हा सुपरहिरो मिरवतो आणि डिटको यांची डॉक्टर स्ट्रेंजची पहिली, अवघ्या ५ पानांची कथा आत दडलेली असते.

जुन्या अंकांचा बाजार मुख्यतः एखाद्या पात्राच्या पहिल्या दर्शनावर चालतो. चित्रकारनिहाय संग्राहकाला त्याचा कधी फायदा होतो, कधी तोटा. टॉड मॅकफार्लेन यांनी ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ची चित्रे २९८ व्या अंकापासून काढायला घेतली. ३०० व्या अंकात व्हेनम हा खलनायक पूर्णरूपाने अवतरल्यामुळे त्या अंकाला सर्वाधिक मागणी असते आणि मॅकफार्लेनप्रेमींनाही तो चढ्या भावानेच घ्यावा लागतो. त्यांचे ‘इन्फिनिटी इंक.’मधील त्याआधीचे काम पात्रे फारशी लोकप्रिय नसल्याने सहज परवडते. हात कसा घडत गेला हे पाहायचे असेल तर खरे तर हेच अंक अधिक बोलके आहेत. १९९० च्या दशकारंभी प्रकाशकांनी चित्रकारांच्या नावावरच विक्री उभी केली. मॅकफार्लेन यांच्या ‘स्पायडरमॅन’च्या पहिल्या अंकाच्या (१९९०) सुमारे २५ लाख प्रती, तर जिम ली यांनी रेखाटलेल्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या (१९९१) वेगवेगळ्या पाच मुखपृष्ठांसह ८० लाखांहून अधिक प्रती दुकानदारांनी उचलल्या. पुढे भाव वाढेल या आशेने अनेकांनी त्या न वाचताच जपून ठेवल्या. साहजिकच त्या आजही मुबलक आहेत आणि स्वस्त मिळतात.

प्रतीची अवस्था हा स्वतंत्र विषय आहे. जुनी कॉमिक्स हलक्या वृत्तपत्री कागदावर छापलेली असल्याने ती पिवळी आणि ठिसूळ होतात, पिना गंजतात आणि कण्यापाशी बारीक सुरकुत्या पडतात. म्हणून ती आम्लविरहित पुठ्ठ्यासह मायलर वा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घालून खोक्यात उभी ठेवतात. २००० साली सुरू झालेली सीजीसी ही संस्था अंकाला ०.५ ते १० या श्रेणीत गुण देऊन तो प्लॅस्टिकच्या बंद पेटीत सीलबंद करते. गुंतवणूकदाराला ही सोय आहे. ज्याने अंक आतील चित्रांसाठी घेतला त्याला मात्र त्यानंतर फक्त मुखपृष्ठ पाहता येते, त्यामुळे चित्रकारनिहाय संग्राहकांपैकी बरेच जण मध्यम अवस्थेतील, पण निर्धास्तपणे उघडता येईल अशी प्रत पसंत करतात.

या छंदाचे पुढचे टोक म्हणजे मूळ चित्रपाने. ती अनेक वर्षे प्रकाशकांच्याच ताब्यात राहत, काही नष्ट झाली, काही परस्पर विकली गेली. नील अ‍ॅडम्स आदी चित्रकारांच्या लढ्यानंतर ती चित्रकारांना परत देण्याची प्रथा रुळली. ‘अमेझिंग फॅन्टसी’ १५ मधील डिटको यांची २४ पाने २००८ मध्ये एका अनाम दात्याने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. माइक झेक यांनी ‘सीक्रेट वॉर्स’च्या ८ व्या अंकासाठी काढलेले एक पान जानेवारी २०२२ मध्ये लिलावात ३३ लाख ६० हजार डॉलरना गेले. एवढा खर्च शक्य नसलेल्यांसाठी आयडीडब्ल्यू या प्रकाशनसंस्थेने २०१० पासून मूळ पाने त्यांच्याच आकारात आणि रंगीत स्कॅन करून छापलेल्या आवृत्त्या काढल्या. त्यांत शाईखाली राहिलेली पेन्सिल, चुकांवर लावलेला पांढरा रंग आणि समासातील संपादकीय सूचनाही दिसतात.