अडकित्त्यातला मधला उमेदवार

४ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेत काही महत्त्वाच्या निवडणुका झाल्या. न्यू यॉर्कच्या महापौरपदी झोहरान ममदानी निवडून आले. चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचा हा मुलगा स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवतो. घरभाडी गोठवू, शहरातल्या बस मोफत करू, असं सांगत त्यानं प्रचार केला. त्याच रात्री व्हर्जिनियात ॲबिगेल स्पॅनबर्गर आणि न्यू जर्सीत मिकी शेरिल राज्यपालपदी निवडून आल्या. पक्ष तोच, डेमोक्रॅटिक. पण या दोघी जपून बोलणाऱ्या, मधल्या वाटेनं जाणाऱ्या. दुसऱ्या दिवशी पक्षातले दोन्ही गट म्हणू लागले, बघा, आम्ही सांगत होतो तेच खरं.

मराठी माणसाला हा वाद नवा नाही. मवाळ आणि जहाल हे शब्द आपल्याला शाळेतच भेटतात. १९०७ साली सुरतेचं काँग्रेस अधिवेशन याच भांडणात उधळलं गेलं, मंडपात जोडा भिरकावला गेला, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंना पुन्हा एकत्र यायला १९१६ साल उजाडलं. तेव्हापासून आपण या प्रश्नाकडे स्वभावाचा प्रश्न म्हणून पाहतो: कुणी संयमी, कुणी तडफदार. मतदारानं मात्र त्याआधी एक वेगळाच प्रश्न विचारायला हवा. माझं मत मोजलं कसं जाणार आहे? कारण मधला उमेदवार जिंकणार की चिरडला जाणार, हे पुष्कळदा लोकांच्या मतांपेक्षा मोजणीच्या रीतीवर ठरतं.

सोसायटीच्या वार्षिक सभेपासून सुरुवात करू. इमारतीच्या रंगकामासाठी दरमहा किती जादा पैसे काढायचे, हा विषय आहे. सोयीसाठी पाचच घरं धरू. तळमजल्यावरचे आजोबा म्हणतात, एक पैसाही नको. बाकीच्यांचे आकडे अनुक्रमे २००, ५००, ८०० आणि २,००० रुपये. आता कोणतेही दोन आकडे समोरासमोर ठेवून हात वर करायला सांगा. ५०० विरुद्ध ८०० असेल, तर शून्यवाले, दोनशेवाले आणि पाचशेवाले ५०० च्या बाजूनं हात वर करतील. ५०० विरुद्ध २०० असेल, तर पाचशेवाले आणि त्यांच्या वरचे दोघं. दोन्ही वेळा तीन विरुद्ध दोन. ५०० ला कोणीच हरवू शकत नाही.

दहावीच्या गणितात आपण ज्याला मध्यक म्हणतो, तो हाच. त्याचा एक गुण मला फार आवडतो. दोन हजारवाले उद्या दहा हजार म्हणू लागले, तर पाच आकड्यांची सरासरी ७०० वरून थेट २,३०० वर जाईल, पण मध्यक ५०० वरून तसूभरही हलणार नाही. कितीही मोठ्यानं ओरडलं तरी रांगेतला मधला माणूस बदलत नाही. समित्यांमधल्या मतदानाचं हे गणित डंकन ब्लॅक या स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञानं १९४८ साली मांडलं. रस्त्यावरची दोन दुकानं एकमेकांना खेटून का येतात, हे हॅरल्ड हॉटेलिंगनं १९२९ मध्येच दाखवलं होतं, आणि १९५७ मध्ये अँथनी डाउन्सनं तोच विचार राजकीय पक्षांना लावला. याला एक अट आहे. प्रत्येकाचा आवडता आकडा एकच असावा आणि त्यापासून जितकं दूर जावं तितकी नावड वाढत जावी. ‘करायचं तर दोन हजार काढून नीट करा, नाहीतर करूच नका’ असं म्हणणारा सभासद ही अट मोडतो, आणि असे सभासद पुरेसे झाले की मध्यकाची हमी जाते.

इथवर मवाळांचा विजय दिसतो. मग प्रत्यक्षात मधले उमेदवार इतक्या वेळा पडतात कशामुळे?

एका सरळ रस्त्यावर शंभर मतदार समान अंतरावर उभे आहेत असं समजा, ० पासून १०० पर्यंत. तीन उमेदवार ३०, ५० आणि ७० या खुणांवर उभे आहेत आणि प्रत्येक मतदार सगळ्यात जवळच्या उमेदवाराला मत देतो. ३० वाल्याला ० ते ४० मधली मतं मिळतील, म्हणजे ४०. ७० वाल्यालाही ४०. मधल्याच्या वाट्याला उरतात ४० ते ६० मधली फक्त २०. तोच मधला उमेदवार यांपैकी कुणाही एकाशी एकटा लढला तर ६० विरुद्ध ४० नं जिंकेल! प्रत्येकाला हरवू शकणारा माणूस तिघांत तिसरा येतो, अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखा.

आता दोन्ही बाजूंचे उमेदवार आणखी नेमस्त झाले, ४५ आणि ५५ वर येऊन उभे राहिले, तर मधल्याला ५ मतं. उलट ते अगदी टोकाला, १० आणि ९० वर गेले, तर मधल्याला ३० ते ७० मधली ४० मतं मिळतात आणि तोच पहिला येतो. म्हणजे मधल्याला खरा धोका टोकाच्या लोकांचा नसून त्याच्या शेजाऱ्यांचा असतो. खऱ्या समाजात लोक समान अंतरावर उभे नसतात, बहुधा मध्याजवळ दाटी असते, त्यामुळे पकड थोडी सैल होते. पण अडकित्ता तोच.

हे नुसतं कागदावरचं गणित राहिलेलं नाही. २०२२ साली अलास्कात मार्चमध्ये डॉन यंग वारले. १९७३ पासून ते त्या राज्याचे एकमेव खासदार होते. १६ ऑगस्टला पोटनिवडणूक झाली. अलास्कानं त्याच वर्षी पसंतीक्रमाची पद्धत सुरू केली होती. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना ती ठाऊक आहे: केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या पेनानं नावांपुढे १, २, ३ असे आकडे घालायचे. सगळ्यात कमी पहिल्या पसंती असलेला बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात.

उमेदवार तीन. डेमोक्रॅट मेरी पेल्टोला, रिपब्लिकन सारा पेलिन आणि रिपब्लिकनच निक बेगिच. बेगिच काही मवाळ गृहस्थ नव्हेत, चांगलेच उजवे आहेत. पण या तिघांच्या रांगेत त्यांची जागा मधली होती, आणि गणिताला तेवढंच कळतं.

पहिल्या पसंतीची मोजणी अशी झाली: पेल्टोला ७५,७९९, पेलिन ५८,९७३, बेगिच ५३,८१०. बेगिच बाद. त्यांच्या मतपत्रिकांपैकी २७,०५३ पेलिनकडे गेल्या, १५,४६७ पेल्टोलाकडे आणि ११,२९० वर दुसरं नावच नव्हतं. शेवटी पेल्टोला ९१,२६६ आणि पेलिन ८६,०२६. पेल्टोला जिंकल्या.

अलास्कानं प्रत्येक मतपत्रिकेवरचा पसंतीक्रम, नावाशिवाय, जाहीर केला. त्यामुळे न झालेल्या लढतीही आपल्याला मोजता येतात, आणि अभ्यासकाला याहून मोठी मेजवानी नाही. पेलिनच्या मतदारांपैकी ३४,०४९ जणांनी दुसरी पसंती बेगिचना दिली होती, ३,६५२ जणांनी पेल्टोलाना, आणि २१,२७२ जणांनी पेलिनशिवाय कुणालाच नाही. पेल्टोलाच्या मतदारांपैकी ४७,४०७ जणांची दुसरी पसंती बेगिच होते, ४,६४५ जणांची पेलिन. आता बेरीज करा. बेगिच विरुद्ध पेल्टोला: ८७,८५९ विरुद्ध ७९,४५१. बेगिच विरुद्ध पेलिन: १,०१,२१७ विरुद्ध ६३,६१८. दोघींनाही समोरासमोर हरवणारा उमेदवार तिसरा येऊन बाद झाला होता. जो प्रत्येकाला एकेकट्या लढतीत हरवतो तोच लोकांचा खरा पसंतीचा, असा निकष फ्रेंच विचारवंत कॉन्डोर्सेनं १७८५ साली सुचवला होता. अलास्कानं त्या निकषाला नापास होऊन दाखवलं.

पुढचा भाग पेन्सिल घेऊन वाचावा लागेल, पण मला तो गाळवत नाही. समजा, फक्त पेलिनचं नाव लिहिणाऱ्या त्या २१,२७२ पैकी ६,००० जणांचं मन वळलं आणि त्यांनी पेल्टोलाना पहिली पसंती दिली. पेल्टोलांची मतं झाली ८१,७९९. पेलिन उतरल्या ५२,९७३ वर, बेगिचच्याही खाली, म्हणून आता त्या बाद. त्यांच्या मतपत्रिकांतून ३४,०४९ बेगिचकडे जातात आणि ३,६५२ पेल्टोलाकडे. अंतिम आकडे: बेगिच ८७,८५९, पेल्टोला ८५,४५१. पेल्टोलांची सहा हजार मतं वाढली आणि त्यामुळेच त्या हरल्या! आणखी एक. पेलिनला पहिली आणि बेगिचना दुसरी पसंती देणाऱ्यांपैकी ५,२०० जण त्या दिवशी घरीच बसले असते, तरी पेलिन आधी बाद होऊन बेगिच जिंकले असते, म्हणजे त्या मतदारांच्या दुसऱ्या आवडीचा माणूस निवडून आला असता. ते मतदानाला गेले, म्हणून त्यांना अगदी नको असलेला निकाल मिळाला. मतदानाला जाऊच नका, असा याचा अर्थ नाही. घरी बसण्याचा हिशेब आधी कुणालाच करता येत नाही. दोष मतदारांचा नव्हता, वजाबाकीच्या क्रमाचा होता.

पसंतीक्रम म्हणजे मध्यममार्गी उमेदवाराला संजीवनी, असा प्रचार अमेरिकेत जोरात चालतो. तो अर्धाच खरा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच अलास्कात, त्याच पद्धतीनं, मवाळ रिपब्लिकन लिसा मर्कोव्स्की सिनेटवर पुन्हा निवडून आल्या. फरक इतकाच की त्यांच्याकडे पहिल्या पसंतीची ४३ टक्क्यांहून जास्त मतं होती. अडकित्त्याच्या दातांत सापडण्याआधी मधल्या उमेदवाराला कुणाची तरी पहिली आवड व्हावं लागतं. सगळ्यांना चालणारा पण कुणालाच फारसा न आवडणारा माणूस या पद्धतीत टिकत नाही.

आपल्याकडे १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक अशाच दुसऱ्या पसंतीवर ठरली. पहिल्या मोजणीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. बाद झालेल्यांची, मुख्यतः देशमुखांची, मतं वाटली गेली तेव्हा रेड्डींना ९१,८७९ मिळाली आणि गिरींना अवघी १८,५६२. तरीही गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. पूर्ण निकाल नुसत्या इंदिरा गांधींच्या ‘विवेकाच्या मता’च्या हाकेवर लावणाऱ्यांनी ही बेरीजही समोर ठेवावी.

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे उमेदवारांच्या कुंडल्या बाहेर पडतात. लाखो लोकांचा पसंतीक्रम ज्या निकालात एकमेकांत गुंततो, जिथे सहा हजार मतं वाढल्यानं माणूस हरू शकतो, तो निकाल एका माणसाच्या जन्मवेळेवरून सांगणं म्हणजे फसवणूक आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली होती. २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि मूल हुशार की मतिमंद एवढंच विचारलं. बरोबर उत्तरं आली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आली असती.

पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. धडाडीचा उमेदवार द्यावा की जपून चालणारा, याचं मोजमाप अँड्रयू हॉल या अभ्यासकानं २०१५ साली केलं. अमेरिकी प्रतिनिधिगृहासाठी १९८० ते २०१० दरम्यान पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या ज्या पक्षांतर्गत निवडणुका (प्रायमरी) झाल्या, त्यांतल्या निसटत्या लढती त्यांनी घेतल्या, जिथे टोकाचा उमेदवार मवाळावर केसभर फरकानं जिंकला किंवा हरला. फरक इतका थोडा असला की कोण जिंकलं हे जवळपास योगायोगानंच ठरतं, आणि दोन्ही प्रकारच्या मतदारसंघांची तुलना रास्त होते. टोकाचा उमेदवार दिल्यावर मुख्य निवडणुकीत पक्षाची मतं सरासरी ९ ते १३ टक्के गुणांनी घटली. डॅनियल थॉम्पसन यांच्याबरोबरच्या २०१८ च्या अभ्यासात कारणही दिसलं: असा उमेदवार विरोधी पक्षाच्या मतदारांना जागं करून मतदान केंद्रावर आणतो.

म्हणून चुरशीच्या मतदारसंघात मी मधल्या उमेदवाराच्या बाजूचा आहे, आणि मोजणी पसंतीक्रमाची असेल तर त्याला पहिलाच क्रमांक देईन. जिथे एकाच पक्षाचं पारडं जड आहे तिथे मात्र धडाडीच्या उमेदवाराला मागं खेचण्याचं कारण मला दिसत नाही. न्यू यॉर्क शहराच्या रांगेतला मधला माणूस आणि अख्ख्या व्हर्जिनिया राज्याच्या रांगेतला मधला माणूस वेगवेगळ्या खुणांवर उभे आहेत. त्या रात्रीच्या निकालांत मला म्हणूनच विसंगती दिसत नाही.

शिवाय खूण जागची हलतेही. १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कट्टर उजवे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर पन्नासपैकी फक्त सहा राज्यं जिंकून सपशेल आपटले. त्यांच्यासाठी दूरदर्शनवर भाषण करणारे एक अभिनेते होते रोनाल्ड रेगन. १६ वर्षांनी तेच विचार घेऊन रेगन ४४ राज्यं जिंकले. मधल्या काळात रांगच सरकली होती, आणि ती सरकवण्याचं काम १९६४ च्या त्या पराभवापासूनच सुरू झालं होतं.

अलास्कात नोव्हेंबर २०२४ मध्ये पेलिन रिंगणात नव्हत्या. बेगिच आणि पेल्टोला आमनेसामने आले आणि दोन वर्षांपूर्वीच्या मतपत्रिकांत लिहून ठेवल्याप्रमाणे बेगिच थोडक्या फरकानं जिंकले. त्याच दिवशी पसंतीक्रमाची पद्धत ठेवायची की काढून टाकायची, यावरही तिथल्या लोकांनी मत दिलं. तीन लाखांहून जास्त मतं पडली. ती पद्धत टिकली, हजाराच्याही आतल्या फरकानं.