१.४१४, ३.१४१६ आणि ११४.३: पाइप फिटरच्या आकड्यांची पार्श्वभूमी

चार इंची पाइपलाइन ५०० मिमी बाजूला घ्यायची आहे आणि हाताशी ४५ अंशांचे दोन एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, आहेत. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या शेडमधला फिटर ५०० ला १.४१४ ने गुणतो आणि फरशीवर खडूने ७०७ लिहितो. हे दोन एल्बोंच्या सेंटरमधलं तिरकं अंतर. त्यातून दोन्ही एल्बोंचे सेंटरपासून टोकापर्यंतचे ६४-६४ मिमी वजा, वेल्डिंगसाठी दोन्ही टोकांना सोडायची ३-३ मिमी फट (रूट गॅप) वजा, म्हणजे पाइप कापायचा ५७३. अर्ध्या मिनिटाचा हिशेब, पण फिटरच्या अशा हिशेबांतले आकडे फार वेगवेगळ्या काळातून आलेत.

१.४१४ सगळ्यात जुना. चौरसाची बाजू १ धरली तर कर्ण एवढा येतो. इसवी सनाच्या कित्येक शतकं आधी, यज्ञवेदी दोरीने आखण्याचे नियम सांगताना बौधायनाच्या शुल्बसूत्रात तो काढून दिला आहे. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवायचा, त्या भागाचा चौथा भाग मिळवायचा आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करायचा. उत्तर येतं ५७७/४०८. याने आपला ५०० चा ऑफसेट (लाइन बाजूला सरकवायचं अंतर) काढला तर चूक होते सुमारे एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची. कोणत्याही टेपवर ती दिसणार नाही. गवंडी चौथरा गुण्यात आहे का हे ३-४-५ ने बघतात, तेही त्याच कर्णाच्या, म्हणजे पायथागोरसच्या, प्रमेयावर. रोलिंग ऑफसेटमध्ये, म्हणजे लाइन एकाच वेळी बाजूला आणि वर न्यायची असते तेव्हा, तर दोन्ही एकापाठोपाठ येतात: लाइन ३०० बाजूला आणि ४०० वर न्यायची असेल तर खरा ऑफसेट ५००, आणि मग त्याला १.४१४.

परिघाचं सूत्र आपल्या अगदी शेजारचं आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त परिघासाठी दोन गुणोत्तरं दिली: सूक्ष्म हिशेबाला ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६, आणि व्यवहाराला २२/७. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणच्या १२०७ च्या शिलालेखात आहे. या यादवांची सुरुवातीची राजधानी सिन्नर, जिथे आज औद्योगिक वसाहत आहे. हे गणित परक्याचं, पुस्तकी म्हणून मुलांना घाबरवणं मला म्हणूनच पटत नाही.

११४.३ मिमी, म्हणजे चार इंची पाइपचा बाहेरचा व्यास, मात्र अमेरिकेतून आला. तिथे रॉबर्ट ब्रिग्ज यांनी १८६२ च्या सुमारास पाइपांच्या आट्यांची मापं ठरवली. तेव्हा पाइपचं इंचातलं नाव साधारण आतल्या व्यासावरून पडे. पुढे पाइपचा पत्रा पातळ झाला, पण जुनं फिटिंग बसावं म्हणून बाहेरचा व्यास तोच ठेवला, त्यामुळे आतला व्यास बदलला. म्हणून ‘चार इंची’ पाइप कुठूनही मोजला तरी बरोबर चार इंच भरेलच असं नाही. बाहेरून तो ११४.३ मिमी. नवशिका चार इंचाचे १०१.६ धरून परीघ काढतो, ३१९ येतो. खरा परीघ ३५९. परिघाचे चार भाग पाडून क्वार्टरच्या खुणा मारायच्या तर एकूण तब्बल ४० मिमीचा घोळ.

भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं स्वीकारली. नाशिकचं कारखान्यांचं वाढणं त्यानंतरचं: १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना, साठच्या दशकात सातपूर, मग एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र. त्यामुळे इथला फिटर दोन्ही मापांत वाढला. दुकानात तो ‘दोन इंची’ मागतो, बारीकसारीक फरक सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सांगतो आणि कापतो मिलिमीटरमध्ये.

आयटीआयमध्ये हे सगळं वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या तासाला येतं, फळ्यावर. १.४१४ पाठ असलेली मुलं ४५ अंशांवर झपाट्याने काम करतात. जागेवर एल्बो कापून ३८ अंशांचा करावा लागला की अडतात, कारण १.४१४ म्हणजे १ भागिले साइन ४५, आणि ३८ ला तोच आकडा १.६२४ होतो, हे त्यांना पाइपवर कोणी दाखवलेलं नसतं. तो तास फळ्यासमोर न घेता कटिंग मशीनशेजारी, हातात पाइप देऊन घ्यायला हवा.