पारवा रंग, राखाडी दिवस आणि ‘सॉफ्ट समर’ची पार्श्वभूमी

नवरात्रात राखाडीचा दिवस आला की घरोघरी एकच ओरड, माझ्याकडे या रंगाचं काहीच नाहीये. लाल निघतो, हिरवा निघतो, पिवळ्याला तर तोटाच नाही, पण राखाडी साडी मुद्दाम घ्यायला कोण जातं, लहानपणापासून ऐकलेलं असतं ना की तो मळकट रंग, सणावाराला कशाला. ही नऊ रंगांची यादी काही पुराणातली नाही, वीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्र टाइम्सने ती छापायला सुरुवात केली आणि बघता बघता अख्खी मुंबई त्याप्रमाणे कपडे घालायला लागली. पण त्यामुळे एक फार छान झालं, लेडीज डब्यात एका दिवशी सगळ्या जणी एकाच रंगात दाटीवाटीने उभ्या असतात आणि तोच रंग कुणाला खुलतो, कुणाला मारतो हे समोरासमोर दिसतं.

माझ्या मावशीला आयुष्यभर सगळ्यांनी केशरी, शेंदरी, हळदी नेसवलं, सावळी आहे, चेहरा जरा उजळ दिसेल म्हणून. एका राखाडीच्या दिवशी ती शेजारणीची कॉटनची साडी मागून नेसली आणि दादरला उतरली, मी फलाटावर बघतच राहिले. डोळ्याखालची वर्तुळं होतीच की, पण नजर तिकडे जात नव्हती, आधी तिचे डोळे दिसत होते, मऊ तपकिरी. केशरी साडीत तिला हमखास कुणीतरी विचारायचं, काय गं, झोप झाली नाही का. तेव्हापासून कोणता रंग कुणाला खुलतो हे मी खोदायला लागले, आणि कळलं की हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षं जुना आहे, आणि मावशीसारख्या निळसर, धुरकट रंगांत खुलणाऱ्यांना आजच्या रंगपद्धतीत ‘सॉफ्ट समर’ म्हणतात.

सुरुवात पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात झाली, तिथे भिंतीवर लावायचे मोठमोठे चित्रपडदे विणत. मिशेल युजीन शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये तिथल्या रंगखात्याचा प्रमुख झाला आणि त्याच्याकडे तक्रार आली की निळ्या-जांभळ्या भागात सावलीसाठी वापरलेला काळा धागा फिका दिसतो, म्हणजे रंग कच्चा आहे. त्याने दुसरीकडची काळी लोकर आणून ताडून पाहिली तर गोब्लँचा काळा कुठेच कमी नव्हता. दोष शेजारच्या रंगाचा होता. कुठलाही रंग आपल्या शेजारच्यावर स्वतःच्या विरुद्ध रंगाची झाक चढवतो, म्हणजे चढवत नाही, आपल्या डोळ्याला तसं वाटतं. १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथ काढला आणि त्यात कपडे, केस आणि चेहऱ्याचा वर्ण यांचाही विचार केला. केशरीचा विरुद्ध रंग निळा. मग मुळातच निळसर-गुलाबी झाक असलेल्या चेहऱ्याशेजारी केशरी पदर आला की ती निळसर छटा आणखी वर येते आणि माणूस आजारी दिसतं, मावशीचं कोडं इथेच सुटतं. (शेव्रल स्वतः १०२ वर्षं जगला.)

पुढचा महत्त्वाचा माणूस म्हणजे बॉस्टनचा चित्रकार आणि कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल. १९०५ च्या त्याच्या पुस्तकात रंगाचे तीन गुण वेगवेगळे मोजायची पद्धत आहे: ह्यू म्हणजे रंग कोणता, व्हॅल्यू म्हणजे तो किती उजळ किंवा गडद, आणि क्रोमा म्हणजे तो राखाडीपासून किती लांब गेलाय. आपल्याकडच्या मॅचिंग सेंटरमध्ये टू बाय टू रुबियाचे तागे लावलेले असतात ना, एकाच जांभळ्याचे दहा, काही कडक, काही धुवून धुवून मऊ पडल्यासारखे, तर तो कडक आणि मऊ मधला फरक म्हणजे क्रोमा. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा शब्द हाच, कारण ‘म्यूटेड’ म्हणजे फिकट नव्हे, म्यूटेड म्हणजे कमी क्रोमाचा, तो गडदही असू शकतो, आमसुली आठवा, कोनफळी आठवा.

कुणाला कोणते रंग खुलतात त्यावरून माणसांना ऋतूंची नावं चिकटली ती त्यानंतर. जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत शिकवलेला स्विस चित्रकार योहानेस इटन याने १९२८ मध्ये वर्गात पाहिलं की मुलांना आपापले आवडते रंगमेळ रंगवायला दिले की ते पुष्कळदा त्यांच्याच केसा-डोळ्या-त्वचेशी जुळतात, हे त्याने १९६१ च्या पुस्तकात लिहिलंय. अमेरिकेत सुझान केगिल या हॅट आणि कपडे बनवणाऱ्या बाईने एकेका गिऱ्हाइकासाठी कापडाच्या तुकड्यांचं पॅलेट बनवत ऋतूंची पद्धत उभी केली. आणि १९८० मध्ये कॅरोल जॅक्सनचं ‘कलर मी ब्युटिफुल’ हे पुस्तक आलं आणि ते घराघरात गेलं, स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर, चारच खण.

आपलं घोडं अडतं ते इथे. त्या मांडणीत काळे केस, काळे डोळे म्हटलं की विंटर, आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बहुतेक बायका त्याच एका खणात. समर म्हणजे निळे डोळे, राखी-सोनेरी केस असं ठरूनच गेलेलं. म्हणजे मावशीसारखी बाई या पद्धतीने बघितली असती तर तिला कुळकुळीत काळा, लखलखीत पांढरा, राणी कलर असं सगळं सांगितलं असतं, आणि ते तिच्यावर कपडे आधी आणि बाई नंतर असं दिसलं असतं. सावळ्या त्वचेतही कोणी थंड म्हणजे निळसर झाकेचं, कोणी उबदार म्हणजे पिवळसर झाकेचं, कोणी लख्ख, कोणी धुरकट असतं हे बघायला कुणी थांबलंच नाही.

आणि आपण तरी कुठे थांबलो. आपल्याकडे मोजपट्टी एकच होती, गोरी किती. मुंबईतच १९१९ मध्ये पाटणवालांचं अफगाण स्नो हे चेहऱ्याचं क्रीम निघालं, १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे काढली, त्यामुळे इथल्या बाईला इथली लिपस्टिक मिळाली ही खरंच मोठी गोष्ट, पण १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली आणि तिच्या नावातला ‘फेअर’ निघायला २०२० उजाडलं. मन्सेलच्या भाषेत सांगायचं तर आपण पिढ्यानपिढ्या फक्त व्हॅल्यू मोजत बसलो, ह्यू आणि क्रोमाकडे ढुंकून बघितलं नाही. स्थळ सांगताना गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, सगळे शब्द एकाच शिडीच्या पायऱ्या. त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण कापडाच्या रंगांना याच भाषेत किती बारीक शब्द आहेत, अंजिरी, डाळिंबी, अस्मानी, पारवा, माणसाच्या रंगाला मात्र चार.

त्वचेचा रंग एका गोष्टीचा नसतोच. १९३९ मध्ये, म्हणजे शेव्रलच्या ग्रंथानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, एडवर्ड्स आणि डंटली या दोघांनी त्वचेवरून परतणारा प्रकाश यंत्राने मोजला आणि मेलॅनिन, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि पिवळसर कॅरोटीन यांचा वाटा वेगवेगळा दाखवला. म्हणून एकाच सावळेपणाच्या दोघी बहिणींत एक सोनेरी आणि एक निळसर-गुलाबी झाकेची असू शकते.

चार खणांची अडचण तिकडेही कळली होतीच, हळूहळू त्याचे बारा झाले. त्यात कॅथरिन केलिश हे नाव महत्त्वाचं, ती मन्सेलच्या रंगनमुन्यांवर काम केलेली होती, त्यामुळे तिने थंड-उबदार, उजळ-गडद आणि लख्ख-धुरकट हे तिन्ही माप धरले. सॉफ्ट समर हा खण तिथला, थंडीकडे झुकणारा, पण मुख्य गुण धुरकटपणा.

नावाचा गोंधळ मात्र आपल्यासाठी वेगळाच. आपला समर म्हणजे मे महिना, गुलमोहर पेटलेला, बहावा लोंबलेला, भगभगीत ऊन, त्यात सॉफ्ट काय आहे. हा युरोपातला उन्हाळा, सौम्य, धूसर. त्याला मुंबईतलं रूप द्यायचं तर आषाढातली दादर चौपाटी, आभाळ भरलेलं, समुद्र शिशासारखा, पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नाही, लांबवर सी लिंकची राखाडी रेघ. ते सगळे रंग या माणसांचे. किंवा खिडकीच्या ग्रिलवर बसलेलं कबुतर नीट बघा, अंग राखी-निळं, मानेवर मंद जांभळी आणि हिरवट झाक, एकही रंग ओरडत नाही. पारवा हा शब्द आपल्या आज्यांनी त्यावरूनच घेतला.

मेकअपमध्येही हेच धरायचं. पीच आणि कोरल न्यूड म्हणून विकल्या जातात पण या चेहऱ्यावर त्या नारिंगी दिसतात, त्यापेक्षा मॉव्ह, धुरकट गुलाबी, आमसुलीकडे जाणारी लिपस्टिक बघा. काजळ सोडायचं नाही, फक्त काळी कडक रेघ बोटाने पुसून धुरकट करायची, नाहीतर गडद राखाडी पेन्सिल घ्यायची. टिकली भडक लालऐवजी मरून. फाउंडेशन जबड्याशी लावून उजेडात बघायचं, काउंटरच्या दिव्याखाली नाही, आणि सावळ्या त्वचेवर टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य जास्त असलेलं घेतलं तर चेहरा राख फासल्यासारखा होतो, तो थंड अंडरटोन, म्हणजे त्वचेची मूळ झाक, नव्हे, तो पांढरा थर आहे, ही चूक फार जणी करतात. सोनं काढून ठेवायची गरज नाही, जुनं, मंद झालेलं सोनं या रंगावर सुरेख दिसतं, आणि शालू घ्यायचाच असेल तर रुपेरी जरीचा एकदा अंगावर टाकून बघाच.

अंगावर टाकून बघणं, परदेशात याला ड्रेपिंग म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. आमच्या दादरला साडीच्या दुकानातला माणूस कधीपासून पदर खांद्यावर टाकून आरसा समोर धरतोय. गेल्या महिन्यात मावशीला घेऊन मी मॅचिंग सेंटरला गेले, राखाडी साडीवर ब्लाउजपीस हवा होता, तिने सवयीने शेंदरी तागा काढायला सांगितला. काकांनी साडी हातात घेतली, दाराशी उजेडात नेली, एकदा साडीकडे बघितलं, एकदा मावशीकडे, आणि वरच्या फळीवरून दुसराच तागा ओढला. “ताई, हा पारवा घ्या,” म्हणाले, आणि तिने ऐंशी सेंटिमीटर कापून घेतला.